खाकीतून डॉक्टरेटकडे

पोलीस नेतृत्वावर डॉक्टरेट करावी, असे मनात आल्यावर मी आधी ब्रिटनमधल्या व्यावसायिक डॉक्टरेटची माहिती वाचली. तिथे पदव्युत्तर पदवीबरोबरच नोकरीतल्या अनुभवालाही वजन असते, आणि संशोधनाचा विषय बहुधा आपल्याच कामातून निघावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडे मात्र नोकरदाराला जवळचा मार्ग म्हणजे अर्धवेळ पीएच.डी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली, तर निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर असतात आणि लेखी परीक्षा व मुलाखतीचे गुण ७०:३० या प्रमाणात धरले जातात.

खरी कसोटी आहे ती ना-हरकत प्रमाणपत्राची. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कार्यालयीन कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (पीएच.डी.तला वर्गातला अभ्यास) पूर्ण करण्यासाठी कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात वरिष्ठांनी लिहून द्यावे लागते. गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात सलग रात्री रस्त्यावर काढलेल्या माणसाबद्दल यातले दुसरे वाक्य कोणता वरिष्ठ निःशंक मनाने लिहील, हे मला अजून उमगलेले नाही. म्हणून मी अर्ज करण्याआधी साहेबांची भेट मागितली, आणि सोबत विषयाचा दोन पानी आराखडाही नेला.