रोबो-गाडीची प्रगती: आता ती सरळ जाते

भाचीबरोबर बांधत असलेली दोन चाकी गाडी आता दोन मीटर अंतर सरळ कापते. शेवटी रेषेपासून दोन-तीन बोटं ढळते, पण भिंत आली की नीट थांबते. थांबण्याचं काम सोपं होतं. सगळा घाम काढला तो सरळ जाण्यानं, म्हणून ही नोंद बरीचशी त्याचीच आहे.

सामान नेहमीचं: आर्डुइनो उनो (प्रोग्राम चढवायचा छोटा बोर्ड, गाडीचा मेंदू), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (उनोच्या हुकमानं मोटरना वीज पुरवणारा), १:४८ गिअरच्या दोन पिवळ्या बीओ मोटर, ६५ मिमी व्यासाची चाकं, मागे कॅस्टर (कुठेही वळणारं छोटं चाक), पुढे एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा). नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी विचारातही घेतली नाही. मोटरला सुरू होताना लागणारा करंट तिच्यातून निघत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि उनो रीसेट होत राहतो. त्याऐवजी १८६५० चे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये घेतले, म्हणजे ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. सेल चार्ज करणं आणि होल्डरमध्ये बसवणं फक्त माझ्याकडे, सोल्डरिंगही माझ्याकडे. बाकी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात. ज्यांनी या मोटर वापरल्या आहेत त्यांना माहीत असेल, त्यांची तांब्याची पातळ पत्री दोनदा वाकली की तुटते. तार जोडल्यावर तिथे गरम गोंदाचा थेंब टाकलेला बरा. उनो, ड्रायव्हर आणि बॅटरी यांचा ग्राउंड (ऋण बाजूची तार) एकच हवा, हे वेगळं सांगायला नको.

प्रोग्राम लिहिताना फंक्शनची नावं तिच्या मर्जीची: पुढे, मागे, थांब, डावीकडे, उजवीकडे. अक्षरं रोमन, शब्द आपले. मग मुख्य लूप वाचायला तिला माझी गरज उरली नाही. अपलोड करताना गाडी उपड्या डब्यावर ठेवायची, चाकं हवेत. प्रोग्राम चढला की चाकं लगेच फिरू लागतात आणि यूएसबीची तार ताणली जाते.

आता सरळ रेषेबद्दल. दोन्ही मोटरना पीडब्ल्यूएम (मोटरचा जोर ठरवणारा आकडा) १५० दिलं आणि गाडी डावीकडे वळत गेली. भाचीचा प्रश्न रास्त होता: "मामा, आपण दोघींना सारखंच दिलंय ना? मग?" मी उत्तर दिलं नाही, कसं शोधायचं ते विचारलं. तिनं सुचवलं, मोटरच्या तारा ड्रायव्हरवर एकमेकींच्या जागी लावून बघू. याहून चांगली चाचणी मलाही सुचली नसती. वळण बाजू बदलतं का, यावरून दोष ड्रायव्हरच्या चॅनलमध्ये आहे की मोटरमध्ये, ते कळतं. बाजू बदलली नाही. म्हणजे डावी मोटरच मंद. मग डावीला १६२, उजवीला १५०, आणि गाडी सुतासारखी सरळ.

पण हे टिकत नाही. सेल उतरत गेले की दोन्ही मोटरचा वेग सारख्या प्रमाणात कमी होत नाही. त्यात एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. तो जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा चिप आहे. टीबी६६१२ सारख्या मॉसफेट (नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या) ड्रायव्हरमध्ये ही गळती बरीच कमी असते, पुढच्या गाडीला तोच घेईन. शिवाय एका ठरावीक पीडब्ल्यूएमखाली मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. आमच्याकडे ती हद्द नव्वदच्या आसपास आहे. तुमची तुम्हालाच शोधावी लागेल.

म्हणून चाकांच्या आतल्या बाजूला एन्कोडरच्या (चाक किती फिरलं ते मोजायच्या) चकत्या लावल्या, वीस खाचांच्या. इथे एक सुंदर योग जुळून येतो. ६५ मिमी चाकाचा परीघ सुमारे २०.४ सेंटिमीटर, म्हणजे एक खाच गेली की गाडी जवळपास एक सेंटिमीटर पुढे. लहान मुलाला याहून सोयीचं प्रमाण मिळणार नाही. दोन मीटरला किती खाचा, असं विचारलं तर तिनं दोनशे सांगितलं. नंतर कागदावर भागाकार करून १९६ वर आली आणि ते चार कुठे गेले म्हणून रुसली.

खाचा मोजणारे दोन्ही सेन्सर उनोच्या २ आणि ३ नंबरच्या पिनवर, कारण बाहेरचे इंटरप्ट (सिग्नल आला की चालू काम थांबवून त्याची दखल घेण्याची सोय) तिथेच मिळतात. सुरुवातीला मोजणी प्रत्यक्षापेक्षा जास्त येत होती. खाचेच्या कडेवर सिग्नल थरथरतो आणि एक खाच दोनदा मोजली जाते. पूर्ण वेगातही दोन खाचांमध्ये दहा मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो, म्हणून पाच मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा पल्स सोडून दिला. त्यावर प्रोग्राम अगदी साधा: जी बाजू मागे पडली तिचं पीडब्ल्यूएम थोडं वाढव, दुसरीचं थोडं घटव. पीआयडी (चूक मोजून दुरुस्ती ठरवणारं गणिती सूत्र) वगैरे काही नाही. कागदावर पीआयडी शोभून दिसलं असतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला "मागे पडलेल्याला थोडा जोर दे" लगेच पटतं, आणि एवढ्या गाडीला तेवढं पुरतं.

मग चौकोन. १९६७ साली तयार झालेल्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या कासवाचा हा जुनाच खेळ: पुढे जा, काटकोनात वळ, असं चारदा. दोन चाकांतलं अंतर १३ सेंटिमीटर आहे, त्यामुळे जागच्या जागी काटकोनात फिरायला प्रत्येक चाकानं सुमारे १०.२ सेंटिमीटर जायला हवं, म्हणजे बरोबर दहा खाचा. प्रत्यक्षात गाडी दर वळणाला थोडी जास्त फिरायची. कारण जडत्व. एल२९८एनची एनेबल पिन (मोटर चालू-बंद करणारी) लो केली तर मोटर मोकळी सुटून घरंगळते. एनेबल हाय ठेवून दोन्ही इनपुट सारखे केले तर ब्रेक लागतो. 'थांब' फंक्शन दुसऱ्या पद्धतीनं लिहिल्यावर चौकोनाची टोकं जवळपास जुळली. उरलेली चूक कॅस्टरची आहे. वळताना तो आडवा असतो आणि सरळ निघताना गाडीला एक हिसका देतो.

अल्ट्रासोनिकबद्दल थोडंच. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, जाऊन परत येतो, म्हणून एका सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद. दोननं का भागायचं हे तिला टाळी आणि भिंत म्हटल्याबरोबर कळलं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. 'पल्सइन' फंक्शनला (प्रतिध्वनीचा वेळ मोजणाऱ्या) टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, द्या, आम्ही २५,००० मायक्रोसेकंद दिला, चार मीटरला पुरतो. आणि टाइमआउट झाला की ते शून्य परत करतं. त्या शून्याचा अर्थ अंतर शून्य असा लावला तर गाडी मोकळ्या जागेत उगाच थांबते. भाचीचा नियम: "शून्य म्हणजे ऐकू आलं नाही." पडद्यासमोर आणि तिरक्या पृष्ठभागासमोरही गाडीला बऱ्याचदा ऐकू येत नाही, तेव्हा पडद्याकडे गाडी सोडायची नाही.

पुढचं काम सेन्सर सर्व्होवर (हव्या त्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरवर) बसवण्याचं. म्हणूनच मोटरचे एनेबल पहिल्यापासून ५ आणि ६ नंबरवर घेतले आहेत. उनोवर सर्व्हो लायब्ररी लावली की ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम बंद पडतं, आणि नेटवरच्या कितीतरी आकृत्यांत मोटर नेमक्या तिथे असतात. सर्व्होला वीज ड्रायव्हरवरच्या पाच व्होल्टमधून न देता वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा) लावणार आहे.

भाचीला मात्र सर्व्होत रस नाही, तिला गाडी मागे घेऊन पार्क करायची आहे. अडचण अशी की आमच्या एन्कोडरला दिशा कळत नाही. गाडी मागे गेली तरी खाचा वाढतच जातात. 'मागे' चालू असेल तेव्हा इंटरप्टमध्ये एक मिळवायचा की वजा करायचा, हे ठरवणारा व्हेरिएबल या आठवड्यात ती स्वतः लिहितेय.