तुम्ही विचारलंत म्हणून: एक्झिमच का?

दापोली, चिपळूण, रत्नागिरी, कुठेही मेल सर्व्हर सांभाळणारं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. एक्झिम आणि पोस्टफिक्स, दोन्ही मेल घेणारे-पाठवणारे सर्व्हर प्रोग्रॅम. पोस्टफिक्स सोपं आहे, सुरक्षित आहे, अडलं तर विचारायला दहा जण आहेत. मग तुम्ही एक्झिम का धरून बसलात? आतापर्यंत मी "सवय" म्हणून विषय संपवत आलो. ते उत्तर खरं नव्हतं.

२०१७ पर्यंत मीही पोस्टफिक्सच चालवत होतो. त्याच्यामागे आलेली मेल तपासणारं अमाविस, अमाविसच्या आत मेलला स्पॅमचे गुण देणारं स्पॅमअसॅसिन; गुण जास्त, तितका संशय जास्त. मेल आधी आत घ्यायची, रांगेत लावायची, मग तपासायची. गुण सहाच्या वर गेले की टाकून द्यायची. अशा मेल वेगळ्या जपून ठेवायची सोय अमाविसमध्ये आहे, पण डिस्क भरते म्हणून ती मी बंद केली होती. ते मीच केलं, पोस्टफिक्सनं नाही. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं ऐकून कुणी ना कुणी तेच म्हणणार आहे.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात माझ्या सर्व्हरवर मेल असलेल्या आमच्या एका बागायतदार काकांना परदेशातल्या व्यापाऱ्याची मेल आली. खरं तर आलीच नाही. आदल्या वर्षी त्या माणसानं थोडा माल नेला होता. या वेळी त्याला जास्त पेट्या हव्या होत्या आणि निम्मे पैसे आधी पाठवायची त्याची तयारी होती. त्याचा मेल सर्व्हर कुठल्याशा सामायिक होस्टिंगवर, आणि तो पत्ता तेव्हा एका काळ्या यादीत. त्याचे काही गुण पडले. विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत, त्याचे थोडे. तरी ती सहाच्या आत बसली असती. पण "ॲडव्हान्स पेमेंट" या शब्दांना तीन गुण लावणारा नियम मी स्वतः लिहिला होता. आदल्या हिवाळ्यात फसवणुकीच्या मेलांचा सुळसुळाट झाला होता, आणि तो नियम जमला म्हणून मी खूश होतो. एकूण झाले ७.४. मेल गेली.

व्यापाऱ्याच्या बाजूला मेल पोचल्याची नोंद होती, कारण माझ्या सर्व्हरनं "२५० ओके", म्हणजे "मिळाली", म्हणून ती घेतली होती. तो उत्तराची वाट बघत राहिला, काका मेलची. झाडावरचा आंबा काही वाट बघत नाही. काकांनी माल वाशीला लावला, मिळेल त्या भावाला. मेच्या मध्यावर त्या माणसानं फोन केला, तेव्हा उलगडा झाला. मी लॉग उघडला आणि ती एक ओळ सापडली. मेल नव्हतीच, फक्त ओळ.

काकांच्या पडवीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, त्यानं फेकलंन तर फेकलंन. पण कुणाला सांगितलंन का नाही?"

माझं उत्तर या एका प्रश्नात आहे. यंत्र चुकणार, हे मला मान्य होतं. चुकल्यावर ते गप्प बसलं, हे मला सहन झालं नाही. मेल नाकारायची तर दारातच नाकारायची, समोरचा सर्व्हर जोडलेला असतानाच ५५०, म्हणजे "घेत नाही", म्हणायचं. मग पाठवणाऱ्याला त्याचाच सर्व्हर कळवतो की पोचली नाही. एकदा आत घेतल्यावर परत पाठवायला गेलात, तर स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि तो कचरा तिसऱ्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर पडतो.

एक्झिममध्ये हे सरळ लिहिता येतं. मेलचा मजकूर आला, अजून "घेतली" म्हटलेलं नाही, त्या क्षणाला चालणारी एसीएल, म्हणजे घ्यायचं की नाकारायचं ते ठरवणारी नियमांची यादी, असते. तिथेच स्पॅमअसॅसिनला विचारायचं, गुण बघायचे, ठरवायचं. काकांना किती गुण चालतात, काजू कारखान्याला किती, हर्णैच्या लॉजवाल्यांना किती, ते एक्झिमच्या विस्तार-भाषेत, म्हणजे नियमांतच लिहायच्या छोट्या आज्ञांनी, एका साध्या फाईलमधून वाचायचं. त्या पावसाळ्यात मी सगळं एक्झिमवर हलवलं.

तुम्ही म्हणाल, मिल्टर, म्हणजे दारातच तपासणारा जोड-प्रोग्रॅम, लावून पोस्टफिक्सही दारात नाकारतं. हो, नाकारतं. २०१७ चा मी भेटलो तर मीही त्याला तेच विचारीन: दोष तुझ्या मांडणीचा असताना घर का बदललंस? त्याच्याकडे चांगलं उत्तर नाही. त्याला त्या लॉगकडे पुन्हा बघवत नव्हतं, एवढंच.

आणि एक्झिमनंही माझी परीक्षा घेतली. जून २०१९ मध्ये त्यातलं भगदाड जाहीर झालं, ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत. मी ४.८९ वर होतो. मेलच्या पत्त्यातच आज्ञा लिहून पाठवली की ती रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वोच्च, अधिकारानं चालायची. ज्या विस्तार-भाषेसाठी मी एक्झिमकडे आलो, तीच इथे दार झाली होती. मृगाचा पाऊस, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर लॅपटॉप, आणि मी अपडेट चढवून पहाटेपर्यंत लॉग चाळत होतो. पोस्टफिक्समध्ये कामं लहान-लहान प्रक्रियांत वाटलेली असतात, प्रत्येकीला गरजेपुरताच अधिकार. पोस्टफिक्सचे कर्ते व्हित्से वेनेमा यांनी ते तसं का बांधलं, हे त्या रात्री मला खरं कळलं. २०२१ मध्ये एक्झिममध्ये पुन्हा एकदम २१ भोकं सापडली. तेव्हाही मी हललो नाही. याला निष्ठा म्हणू नका. तीन वर्षं खपून लिहिलेली एसीएल टाकवत नव्हती.

त्या एसीएलमध्येही एक गाठ आहे. एकच मेल दोघांना आली आणि दोघांच्या मर्यादा वेगळ्या असल्या, तरी मजकुरानंतर उत्तर एकच देता येतं. म्हणून मर्यादा वेगळी असलेल्या दुसऱ्या माणसासाठी मी पाठवणाऱ्या सर्व्हरला "नंतर या" म्हणून ४५१ देतो. त्याची मेल उशिरा पोचते. ओटीपीच्या बाबतीत हा उशीर नडलाय, आणि त्यावर मला अजून समाधानकारक काही सुचलेलं नाही.

आज कुणी नव्यानं सुरुवात करत असेल, तर त्याला मी पोस्टफिक्स आणि स्पॅम गाळणारं आरस्पॅमडी घ्यायला सांगतो. माझा सर्व्हर मात्र एक्झिमवरच आहे. काकांची मर्यादा मी तेव्हा बारावर नेली, ती तिथेच आहे. रोज कचरा येतो, सकाळच्या चहाबरोबर ते स्वतः निवडतात. गेल्या हंगामात विचारलं, "काका, थोडी खाली आणू का?"

"नको," म्हणाले, "येऊ दे सगळं."