किती अँटिबॉडी म्हणजे पुरेशा?

नळीवर मुलाचं नाव नसतं. वय नसतं, आणि त्याला मलेरियाची लस मिळाली की तुलनेसाठी रेबीजची, हेही नसतं. फक्त बारकोड. पश्चिम आफ्रिकेतल्या एका चाचणीतले सीरमचे नमुने कोरड्या बर्फात आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा माझं काम एका ओळीत मावत होतं: प्रत्येक नमुन्यात सीएसपीविरुद्धच्या आयजीजी (रक्तातला मुख्य प्रकार) अँटिबॉडी किती, ते सांगायचं.

सीएसपी हे मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन. डास चावताना परजीवीची जी सुरुवातीची रूपं, म्हणजे स्पोरोझॉइट, त्वचेत सोडतो, त्यांचं अंग या प्रथिनाने झाकलेलं असतं. आरटीएस,एस आणि आर२१ या मलेरियाच्या दोन्ही लशींमध्ये त्याचाच तुकडा हेपटायटिस बीच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला जोडलेला आहे.

खरे नमुने उघडण्याआधी मोजण्याची पद्धत पक्की करावी लागते, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. प्लेटच्या तळाशी प्रतिजन (इथे सीएसपी) बसवा, उरलेली जागा झाकायला ब्लॉकिंग करा, सीरम पातळ करून घाला, धुवा, दुसरी अँटिबॉडी घाला, पुन्हा धुवा, रंग आणा, आम्ल घालून थांबवा, रीडरमध्ये ठेवा. सांगायला सोपं. पण तेच सीरम दोघांनी वेगवेगळ्या दिवशी तपासलं तरी आकडे जुळले पाहिजेत, आणि आमचे जुळत नव्हते. प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यांमध्ये, रंग जास्त चढायचा, कारण उबवताना कडा आधी तापते आणि तिथलं पाणीही आधी उडतं. शेवटी कडेला नुसतं बफर भरायचं ठरवलं. प्लेटमागे नमुने कमी बसतात. वरिष्ठांची कुरकुर ऐकून घेतली. काही नमुने इतके तगडे की रीडरच्या पट्टीबाहेर जायचे. ते आणखी पातळ करून पुन्हा लावायचे. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते: तुलनेसाठी जे मानक सीरम वापरतो, त्याला किती युनिट धरायचे हे प्रयोगशाळाच ठरवते. म्हणजे आमचे १०० युनिट आणि दुसऱ्यांचे १०० युनिट सारखे असतीलच असं नाही.

नमुने संपले, आकडे कुलूपबंद झाले, आणि मग कोणाला कोणती लस मिळाली ते उघड झालं. आलेखावर दोन स्वच्छ टेकड्या दिसल्या. रेबीजची लस मिळालेली मुलं तळाशी, मलेरियाची मिळालेली खूप वर. मोजमाप बरोबर असल्याची याहून चांगली पावती नाही.

चाचणीच्या गावातले डॉक्टर मात्र वेगळंच विचारत होते. "हेपटायटिस बीला जसा १० चा आकडा आहे, तसा एक आकडा द्या मॅडम. त्याच्या वरचं मूल सुरक्षित, खालचं नाही." प्रश्न बिनतोड होता. हेपटायटिस बीच्या लशीनंतर मिलीलिटरमागे १० मिली-आंतरराष्ट्रीय युनिट अँटिबॉडी म्हणजे संरक्षण, असं जगभर धरतात. आरटीएस,एस लशीत तर दोन्ही प्रथिनं एकाच कणात आहेत. मग एका रोगाला आकडा आहे आणि दुसऱ्याला का नाही?

कारण वेळ. हेपटायटिस बीचा विषाणू आजार दाखवायला काही आठवडे ते महिने घेतो. तेवढ्यात शरीराला आठवण येते आणि स्मृतिपेशी नव्या अँटिबॉडी बनवतात. स्पोरोझॉइट एकदा रक्तात उतरले की काही मिनिटांत यकृतात पोहोचतात. तिथे आठवणीला सवडच नाही. त्या क्षणी रक्तात जेवढ्या अँटिबॉडी तयार असतील तेवढ्याच कामाच्या. त्यातून एखादा स्पोरोझॉइट निसटला तरी त्याच्यापासून हजारो परजीवी तयार होतात.

अँटिबॉडी एकट्या पुरतात, हे पक्कं आहे. मालीमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांना एल९एलएस ही तयार अँटिबॉडी टोचून पाहिली, तेव्हा मोठ्या मात्रेने संसर्गापासून सुमारे ७० टक्के संरक्षण मिळालं. म्हणजे घोडं मोजण्यात नाही, रेषा आखण्यात अडतं.

आम्ही आकड्यांवर तापाच्या नोंदी चढवल्या. गटांकडे पाहिलं तर जास्त अँटिबॉडी, कमी मलेरिया. एकेका मुलाकडे पाहिलं की सगळा गोंधळ: भरपूर अँटिबॉडी असलेलं मूल आजारी, जेमतेम असलेलं ठणठणीत. त्या ठणठणीत मुलाला मुळात संसर्ग झालेला डास चावला होता का, हे आम्हाला कुठे ठाऊक? पाऊसच पडला नाही तर छत्री गळते की नाही, कसं कळणार?

शिवाय आमचा आकडा तिसऱ्या डोसनंतर महिन्याभराने घेतलेल्या रक्ताचा, आणि डास चावतो त्यानंतर कधीतरी. मधल्या काळात पातळी दोन टप्प्यांत उतरते. आरटीएस,एसच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचं जे गणिती विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात लवकर ओसरणाऱ्या हिश्शाचा अर्धायुकाळ ४५ दिवस आणि रेंगाळणाऱ्याचा ५९१ दिवस निघाला. ५ ते १७ महिन्यांच्या मुलांमध्ये सुरुवातीची सरासरी ६२१ युनिट होती. त्याहून लहान बाळांमध्ये बरीच कमी. १२१ युनिटला निम्मे संसर्ग टळतात, असाही अंदाज त्यात आहे. डॉक्टरांनी नेमका हाच आकडा उचलला. मी सांगितलं, हे त्या प्रयोगशाळेचे युनिट आहेत, आणि निम्मे संसर्ग टळतात म्हणजे निम्मे टळत नाहीत.

अहवालात काय घालायचं यावर बरीच खडाजंगी झाली. डॉक्टरांना प्रत्येक मुलापुढे 'पुरेसं' किंवा 'अपुरं' असा रकाना हवा होता. माझा विरोध होता: 'पुरेसं' वाचल्यावर आई मच्छरदाणी कशाला लावेल? शेवटी रकाना गेला. गटाची सरासरी, घसरणीचा वेग आणि बूस्टर कधी द्यावा यावरचं मत राहिलं: पावसाळ्याच्या अगदी आधी, म्हणजे डास वाढतात तेव्हा पातळी शिखराजवळ असेल. बुर्किना फासोमधल्या नानोरो इथल्या आर२१ च्या चाचणीत हंगामाआधीच डोस दिले होते. पहिल्या वर्षी ७७ टक्के परिणामकारकता दिसली आणि वर्षाने दिलेल्या बूस्टरने अँटिबॉडी जवळपास पहिल्या उंचीला परत नेल्या.

डॉक्टरांना हे पूर्ण पटलेलं नाही. पुढच्या हंगामाचे नमुने पाठवताना त्यांनी चिठ्ठीत पुन्हा लिहिलंय: "रकाना?"