तुम्ही विचारलंत म्हणून : डोळ्यांदेखत पेशी सुटतात कशा?

पॅप स्मिअरच्या, म्हणजे कॅन्सरच्या तपासणीसाठी गर्भाशयमुखाच्या पेशी पसरलेल्या काचेच्या, स्लाइड बघणं हे माझं काम आहे असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : "कॅन्सरच्या पेशी तुमच्या नजरेतून सुटतात, त्या थकव्यामुळे का?"

सगळं थकव्यावर ढकलता येत नाही. कित्येकदा बिघडलेल्या पेशी काचेवर आलेल्याच नसतात. नमुना घेताना ब्रश नेमक्या जागी पोचलेला नसतो. ती चूक माझ्या टेबलावर येण्याआधीच झालेली असते. माझी चूक म्हणजे, पेशी होत्या आणि मी पुढे सरकले.

एका स्मिअरवर पन्नास हजारांपासून तीन लाखांपर्यंत पेशी असू शकतात. त्यात संशयास्पद दहा-वीसच, लहान आणि एकट्या-एकट्या. शिवाय बहुतेक स्लाइड निगेटिव्ह निघतात, त्यामुळे डोळ्यांना 'काही नाही'ची सवय लागते. रक्ताने, सुजेने गढूळ झालेली स्लाइड उलट जागं करते. फसवते ती स्वच्छ, सोपी स्लाइड.

माझीही एक सुटली होती. संध्याकाळचा शेवटून दुसरा ट्रे. फेरतपासणीत सहकारिणीने काचेच्या कडेजवळ ठिपका देऊन ती माझ्यापुढे ठेवली. गडद केंद्रकांच्या सहा पेशी. भिंगाखाली धरताक्षणी दिसल्या, हेच जास्त लागलं.

१९८७ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने अमेरिकेतल्या लॅबमधला स्लाइड घाईघाईने उरकण्याचा धंदा उघडकीस आणला. तिथे काहींना स्लाइडमागे पैसे मिळत. म्हणजे जितकी घाई, तितकी कमाई! १९८८ मध्ये कायदा झाला. त्यानुसार एका व्यक्तीने २४ तासांत १०० पेक्षा जास्त स्लाइड बघायच्या नाहीत, त्याही आठ तासांहून कमी वेळात नाहीत, आणि निगेटिव्ह ठरलेल्यांपैकी किमान १० टक्के पुन्हा तपासायच्या. भागाकार करून बघा, स्लाइडमागे पाच मिनिटंही येत नाहीत. नियमातच म्हटलंय की शंभर ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. पण आकडा छापला की साहेबांना तो टार्गेटच वाटतो.

एकच ओळ दोनदा वाचावी तसं एकच फील्ड, म्हणजे भिंगाखाली एका वेळी दिसणारा भाग, दोनदा बघितलं जाऊ लागलं, की मी उठते. राहिलेला ट्रे सकाळी घेते. मग फोन येतो, "रिपोर्ट अजून का नाही?" तोही बहुधा तुमच्यापैकीच कुणाचा तरी असतो.