तंजावरची भिंत आणि आम्ही चौघं

तंजावर मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. संक्रांत झाली आणि घर सोडलं. कोचीहून कन्याकुमारी, मग मदुराई, चेट्टिनाड, श्रीरंगम असं करत सावकाश वर सरकत आले. एकटीच. मिळेल ती बस, मिळेल ती पॅसेंजर, देवळाजवळ साधी स्वच्छ खोली. अशा लांबच्या फिरण्यात शेवटी शेवटी डोळे भरून जातात. आणखी एक गोपुर, आणखी एक हजार खांबांचा मंडप, आणि मन 'बघितलं' म्हणून पुढं निघतं. तंजावरचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मैत्रिणीला आधीच सांगून ठेवलं होतं, शेवटच्या आठवड्यात तू ये, आणि एकटी येऊ नकोस.

ती आली, तिची धाकटी बहीण आली आणि भावोजीही आले. तिरुचीला विमानातून उतरले तेव्हा तिघंही ताजेतवाने. भावोजींनी यादीच करून आणली होती: मोठं देऊळ, राजवाडा, कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम, स्वामीमलैचे ओतारी, तरंगमबाडीचा डॅनिश किल्ला, वेळांकण्णी. पहिल्याच संध्याकाळी, डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतलेली कॉफी निवत असताना, मी त्यातली अर्धी नावं खोडली. माझं म्हणणं एवढंच होतं की मोठ्या देवळात दोनदा जायचं, एकदा दिवस कलताना आणि एकदा उजाडताना. राजवाड्याला एक अख्खी दुपार द्यायची. त्यातून वेळ उरला तर बाकीचं. भावोजी जरा हिरमुसले. इतक्या लांब येऊन अर्धं टाकून जायचं, हे त्यांना पटेना. त्यांचंही बरोबर होतं, त्यांना पुन्हा रजा कधी मिळणार!

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला देवळात शिरलो. दुपारभर तापलेल्या फरसबंदीवर पाय टेकवत नव्हते, म्हणून सगळे अंथरलेल्या पट्टीवरून चालले होते. बृहदीश्वराला इथं सगळे नुसतं 'पेरिय कोविल', मोठं देऊळ, म्हणतात. राजराज चोळानं ते 1010 मध्ये पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साठ मीटरांहून उंच, आणि सगळं ग्रॅनाइटचं, जो दगड तंजावरच्या जवळपास कुठं मिळतच नाही. चहूकडे कावेरीच्या गाळाची भातशेतं. दगडाचा कण न् कण लांबून आणलेला.

या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं भावोजींनी ऐकलं होतं. पुष्कळांनी ऐकलेलं असतं. देऊळ पूर्वाभिमुख आहे, सूर्य पश्चिमेला कलला होता, आणि सावली आमच्या डोळ्यांसमोर अंगणात नंदीच्या दिशेनं सरकत होती. भावोजी तिच्या कडेवर उभे राहून वर बघत राहिले, मग म्हणाले, "अहो, ही खोटी गोष्ट कशाला सांगतात? आहे तेच केवढं आहे!" मला ते फार आवडलं. एवढ्या उंच बांधकामाचे चढत जाणारे थर, कडा न् कडा जुळलेली, आणि हे सगळं हजार वर्षांपूर्वी. त्याच्या मोठेपणासाठी सावली गायब करायची गरज नाही.

त्या संध्याकाळी खरं गुंतली ती धाकटी. ती लहानपणापासून भरतनाट्यम् शिकलेली, आता शिकवते. देवळाच्या पायथ्याच्या दगडांवर फिरत जाणाऱ्या तमिळ ओळी दाखवून मी तिला त्यात काय आहे ते सांगितलं. राजराजानं देवळासाठी चारशे नर्तकी आणून वसवल्या. कोणती कुठल्या गावच्या देवळातून आली, कुठल्या रस्त्याला, कितव्या घरात राहते, हे एकेकीच्या नावानिशी कोरलेलं आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात, कलम म्हणजे धान्याचं जुनं माप. धाकटी खाली बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण बोटानं ती ओळ चाचपत राहिली. वरच्या मजल्यावर नृत्याची करणं, म्हणजे हातापायांच्या ठरलेल्या हालचाली, कोरलेली आहेत, 108 पैकी 81, बाकीचे दगड कोरेच राहिले. तिथं सर्वसामान्यांना सोडत नाहीत. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात नायक राजांच्या, म्हणजे मराठ्यांच्या आधीच्या राज्यकर्त्यांच्या, काळच्या चित्रांखाली चोळांची चित्रं 1931 मध्ये सापडली, तिथंही जाता येत नाही. धाकटीला त्याचं वाईट वाटलं, पण ती म्हणाली की घरांचे क्रमांक बघितले ते करणांपेक्षा मोठं. आजवर तिच्या डोक्यात देवळातली नर्तकी म्हणजे एक शिल्प होतं. आता तिला पत्ता मिळाला होता.

त्याच शिलालेखांत राजराजाची आज्ञा आहे: मी दिलेलं, माझ्या अक्कानं दिलेलं, माझ्या बायकांनी दिलेलं, आणि इतरांनी दिलेलं, सगळं या दगडावर कोरा. अक्का म्हणजे कुंदवै. अख्खं देऊळ म्हणजे एक जमाखर्चाची वही आहे, आणि तिच्यात बहिणीचं नाव बायकांच्या आधी येतं.

उजाडताना गेलो ते आमच्या भिंतीसाठी. नैऋत्येच्या ओवऱ्यांत मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये तो कोरून घेतला. भोसले कुळाचा इतिहास, देवनागरीत, ओळींमागून ओळी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांनी 1675 च्या सुमाराला तंजावर घेतलं, आणि त्यांच्या वंशजांनी तिथं 1855 पर्यंत गादी चालवली. शेवटच्या राजाला मुलगा नव्हता, कंपनीनं राज्य खालसा केलं. पण लेख कोरला तेव्हाच सरफोजींच्या हाती सत्ता फारशी उरली नव्हती. 1799 च्या तहानं राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेलेला. अशा वेळी हा राजा आपल्या घराण्याची हकीकत दगडावर कोरायला सांगतो. मी उभी राहून हाच विचार करत होते. सैन्य नाही, वसूल नाही, पण आठशे वर्षांपूर्वीच्या राजानं याच दगडांवर जे केलं, ते सरफोजींनाही करता आलं.

एकट्यानं तो लेख वाचताना दोन ओळींत माणूस दमतं. अक्षरांची दाटी, जुनी वळणं, मध्येच झिजलेला भाग. चौघांनी वाचला तेव्हा तो उलगडला. मैत्रीण मोठ्यानं वाचायची, तिची जुन्या पत्रांची सवय कामी आली. ती अडली की भावोजी मोबाइलच्या उजेडानं तिरपी सावली पाडून अक्षर उठवायचे. धाकटी मागचं वाक्य पुन्हा म्हणायची, आणि त्यातून अडलेला शब्द सुटायचा. कधी 'राजे' की 'राज्य' यावर वाद. एक तमिळ कुटुंब थांबलं, त्यांच्या मुलीनं विचारलं ही कुठली भाषा. मैत्रिणीनं सांगितलं आणि तिच्यासाठी एक ओळ सावकाश वाचली. त्या मुलीनं आम्हाला मग पलीकडची तमिळ ओळ वाचून दाखवायचा प्रयत्न केला. जुनी लिपी तिलाही जमेना, पण दोन अक्षरं तिनं ओळखली आणि आईला ओढत आणून दाखवली. भरपूर ऊन चढेपर्यंत आम्ही तिथंच होतो. सगळा लेख काही झाला नाही, त्याला आठवडा हवा.

राजवाड्याची दुपार वेगळीच गेली. तिथल्या कलादालनात चोळकालीन ब्राँझच्या मूर्ती आहेत, आणि मला एकच दाखवायची होती: तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव, 1011 चा. एक पाय दुसऱ्यासमोर तिरपा टेकवून आरामात उभा, जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या. एक हात बैलाच्या पाठीवर टेकलेला. बैल नाहीच, हरवला. तरी त्या हाताच्या वजनावरून बैल कुठं होता, किती उंच होता, हे कळतं. मैत्रीण म्हणाली की तिनं इतका निवांत देव कधी बघितला नव्हता. आम्ही तिथं बराच वेळ थांबलो. दरबार हॉल मात्र भराभर बघितला.

सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय त्याच आवारात आहे. ताडपत्रं, नकाशे, माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशी जुळवून काढलेली ल ब्रुन या फ्रेंच चित्रकाराची चित्रं, चीनमधल्या शिक्षांची चित्रं. सरफोजींना सगळ्याचंच कुतूहल. मूळ ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण ते खरं वाढवलं त्यांनी. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं राजवाड्यात लिहून ठेवली जायची, तीही जपलेली आहेत. आणि मोडी कागदांचे ढीग. आपल्याकडे रंगभूमीची सुरुवात 1843 मध्ये सांगलीत झालेल्या 'सीता स्वयंवर' नाटकापासून मोजतात, पण तंजावरच्या शहाजी राजांनी, म्हणजे एकोजींच्या मुलानं, त्याच्या दीडशे वर्षं आधी मराठीत नाटकं लिहिली होती, हे भावोजींना तिथं कळलं. ते नाट्यस्पर्धांत काम केलेले. मग बाहेर येऊन एका झाडाखाली बसून त्यांचे प्रश्न सुरू झाले: ती कोण करायचं, प्रेक्षकांना मराठी कळायची का, गाणी कुठल्या रागात. माझ्याकडे सगळी उत्तरं नव्हती, पण ते विचारत होते याचाच आनंद होता.

उरलेल्या दिवसांत दारासुरमला मात्र जायचंच, हा माझा हट्ट. दुसऱ्या राजराजाचं बाराव्या शतकातलं देऊळ, मोठ्या देवळापुढं लहानसं, आणि इतकं बारीक काम की डोळे जवळ न्यावे लागतात. हत्ती आणि बैल यांचं एकच डोकं असलेलं शिल्प धाकटीनं आधी शोधलं. बैल झाका, हत्ती दिसतो, हत्ती झाका, बैल. गंगैकोंडचोळपुरमचं भावोजींनीच आपणहून रद्द केलं. सकाळी म्हणाले, "भिंतीकडे पुन्हा जाऊ या, कालची ती ओळ अर्धी राहिली आहे." आम्ही गेलो, आणि ती ओळ पुरी झाली.

ते तिघं कुंभकोणमहून रात्रीच्या गाडीनं निघाले, मी चार दिवसांनी. तुम्ही जाणार असाल तर तंजावरात किमान तीन रात्री काढा, मोठ्या देवळात गाभारा दुपारी बंद असतो हे लक्षात ठेवा, आणि भिंतीसाठी सकाळ राखा. कुणीतरी मोठ्यानं वाचणारं बरोबर न्या, आणि एक चांगली बॅटरी.