पुढचं नाणं

शिकागोच्या शर्ली रायन अ‍ॅबिलिटीलॅब या पुनर्वसन रुग्णालयात मज्जारज्जूच्या इजेवरच्या एनव्हीजी-२९१ या प्रायोगिक औषधाची चाचणी चालू होती, तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे हाताच्या तपासणीचं काम होतं. टेबलावर पाण्याची बाटली, झाकणाच्या बरण्या, किल्ली, नट-बोल्ट आणि फटीत टाकायची चार नाणी. समोर मानेच्या मणक्याला इजा झालेला माणूस. जे परत यायचं ते पहिल्या वर्षात येतं, हे त्याने सगळ्यांकडून ऐकलेलं. या गटात इजा एक ते दहा वर्षं जुनी असलेलेच लोक होते. बारा आठवडे रोज कातडीखाली इंजेक्शन. त्यात औषध की नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन, हे त्यालाही माहीत नाही, मलाही नाही.

इजेच्या जागी जो व्रण धरतो, त्यातली साखरसाखळ्यांची प्रथिनं वाढू पाहणाऱ्या मज्जातंतूला तिथंच अडकवून ठेवतात. ती पकड सैल करणारं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, ज्यावरून पुढे एनव्हीजी-२९१ आलं, ते क्लीव्हलंडच्या जेरी सिल्व्हर यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये उंदरांवर वापरून दाखवलं होतं. पण उंदरांना ते इजेनंतर दुसऱ्याच दिवसापासून दिलं होतं. इथे व्रण कित्येक वर्षांचा. म्हणून मी आशा जरा आवरूनच धरली होती.

बाटली त्याने नेहमीच्याच युक्तीने उचलली: मनगट मागे वळवलं की बोटं आपोआप मिटतात. नाण्याला ही युक्ती पुरत नाही. एरवी तो नाणं टेबलाच्या कडेपर्यंत ओढत न्यायचा आणि तळहातात पाडायचा. त्या दिवशी ओढलं नाही. तर्जनी वाकली, अंगठा तिच्यासमोर आला, नाणं चिमटीत उचललं गेलं, थरथरलं आणि फटीत पडलं. त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझा आनंद त्याला दिसला तर तो पुढच्या गुणांमध्ये मिसळणार. सरावानेही हात सुधारतो, आणि हाताचेही चांगले-वाईट दिवस असतात. मी आवाज तसाच ठेवून म्हटलं, "पुढचं नाणं." इतकं कोरडं बोलायला मला या नोकरीत दुसऱ्या कुठल्याच वेळी जड गेलेलं नाही.

जून २०२५ मध्ये निकाल जाहीर झाले. मेंदूवर चुंबकीय ठोका देऊन हाताच्या स्नायूत उमटणारा संकेत मोजला, तर औषध घेतलेल्यांत तो प्लासिबोच्या तुलनेत सुमारे तिपटीने वाढला होता. पायात तसा ठाम फरक दिसला नाही. माणसं फक्त वीस. तरी इतक्या जुन्या इजेत संकेत वाढतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मात्र संकेत वाढणं वेगळं आणि शर्टाचं बटण लागणं वेगळं. मानेला इजा झालेल्यांना काय परत हवंय असं विचारलं, तर बरेच जण चालण्याच्या आधी हात मागतात. पुढची चाचणी मोठी होईल तेव्हा बटण, चमचा, कॅथेटर (लघवीची नळी) स्वतःचं स्वतः लावता येणं, हे सगळं त्या संकेताच्या बरोबरीने मोजलं गेलं पाहिजे.