१२ मीटरच्या बॅकस्टॉलचा अखेर छडा लागला

सापडलं! काइटसर्फिंग करताना माझा काइट का कोसळतो, याचं चार महिने ज्याच्या मागे लागले होते ते कारण परवा सापडलं आणि आज पाण्यावर पडताळूनही झालं. खरं तर या वेळी फॉइलच्या (बोर्डाखाली पाण्यात चालणाऱ्या पंखाच्या) तयारीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलते, कारण डोक्यात दुसरं काही शिरतच नाहीये.

मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना दुखणं माहीत आहे. हलक्या वाऱ्यात, १२ ते १४ नॉटला, माझा १२ चौरस मीटरचा काइट डोक्यावर आणला की मागे सरकायचा, म्हणजेच बॅकस्टॉल व्हायचा. आधी कॅनोपीची (कापडाची) थरथर, मग बारमधला, म्हणजे हातातल्या दांडीतला, ताण एकदम नाहीसा आणि काइट पाठीमागच्या बाजूने विंडोच्या (काइट उडू शकतो त्या आकाशाच्या भागाच्या) पोटात कोसळायचा. ९ चा काइट त्याच बारवर, त्याच दोऱ्यांवर अगदी शहाण्यासारखा उडायचा. म्हणून मी सगळा दोष हातांना दिला. वय ६३, काइट पडताना दिसला की जीव घाबरून बार छातीशी ओढत असणार, असं मनाने पक्कं घेतलं. महिनाभर मी दुसरं काही केलंच नाही. काइट डोक्यावर धरायचा आणि बोटांच्या टोकांनी बार वर ढकलून ढील देत राहायची, एवढाच सराव. सोबत उजवा खांदा सतत ठणकत होता, तोही वयाच्या खात्यात टाकला.

सहा आठवड्यांपूर्वीचा प्रसंग तेव्हा लिहिवला नाही, आता लिहिते. किनाऱ्यापासून साधारण दीडशे मीटरवर वारा पडला, काइट मागे सरकला आणि दोऱ्या सैल पडून पाण्यावर आल्या. शेजारून जाणारा मुलगा ओरडला, “काकू, बार सोडा, बार सोडा!” बार सोडलेलाच होता. तेवढ्यात गस्ट (वाऱ्याचा झोत) आली आणि विंडोच्या ऐन मध्यावर काइटने हवा धरली. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ चे १७ नॉट झाले की ओढ दुप्पट. मी पाण्यावरून उचलली गेले आणि डाव्या कुशीवर आदळले. चिकन लूपचं (काइटला कमरेच्या हार्नेसशी जोडणाऱ्या कडीचं) क्विक रिलीज, म्हणजे सुटकेची कळ, हाताला बरोबर सापडलं, काइट एका दोरीवर निपचित पडला. इम्पॅक्ट व्हेस्ट होतं म्हणून बरगड्या नुसत्या ठेचल्या, मोडल्या नाहीत. तीन आठवडे पाणी बंद.

काठावर आल्यावर त्या मुलाने विचारलेला प्रश्न मात्र कुठेतरी रुतून बसला. “बार तर पूर्ण वर होता, मग काइट पडला कसा?”

खरंच, कसा? काइटला दोन पुढच्या आणि दोन मागच्या दोऱ्या असतात; बॅकस्टॉल होतो तो मागच्या दोऱ्या जास्त ताणल्या गेल्यामुळे. काइटची मागची कड खाली ओढली जाते, वाऱ्याशी कोन वाढतो, हवा पाठीला धरून वाहायची सोडते आणि काइट उडायचा थांबतो. बार पूर्ण वर असताना मागच्या दोऱ्या सैल असायला हव्यात. माझ्या नव्हत्या.

उत्तर मिळालं ते वैतागातून. गेल्या आठवड्यात काइट तिसऱ्यांदा पाण्यात बसला. लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरायच्या कडेच्या काइटचं पेटंट घेतलं ते काइट पाण्यातून पुन्हा उठावा म्हणून, आणि माझा तर पाण्यावर जेलीफिशसारखा पसरून मागेमागे सरकत होता. शेवटी ट्रिमचा पट्टा हातभर ओढला, एरवी मी तो २० नॉटच्या खाली कधी ओढत नाही. काइट उठला! आणि डोक्यावर जाऊन स्थिर राहिला!

तिथेच डोक्यात उजेड पडला. ट्रिम ओढणं म्हणजे पुढच्या दोऱ्या आखूड करणं. ९ चा काइट मी नेहमी जोरदार वाऱ्यात, ट्रिम ओढूनच उडवते, म्हणून तो कधी पडला नाही. १२ चा हलक्या वाऱ्यात, ट्रिम पूर्ण मोकळा ठेवून. म्हणजे पुढच्या दोऱ्या लांबल्या होत्या.

परवा मोजणी केली. चारही दोऱ्यांची टोकं एकाच खुंटीला अडकवली, ट्रिम मोकळा, हार्नेस घालून मागे रेलले. माझ्या बारच्या पुस्तिकेप्रमाणे अशा ताणात बार चिकन लूपला टेकला पाहिजे. तो ५ सेंटिमीटर वरच अडकला. शिवाय डावी पुढची दोरी पोटात झोळ घेऊन लोंबत होती, उजवी ताठ. २४ मीटरची उजवी दोरी इंचाइंचाने बोटांमधून सरकवत गेले. अर्ध्याच्या थोडं पुढे डोळ्याला न दिसणारी, वाळूने घट्ट झालेली एक गाठ लागली. त्या गाठीने उजवी दोरी आखूड झाली होती, म्हणून काइट सतत डावीकडे वळू पाहायचा आणि मी चार महिने नकळत उजव्या हाताने त्याला ओढून धरत होते. खांद्याचं दुखणं तिथून आलं होतं! त्या क्षणी किती हायसं वाटलं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

गाठ सुईने सोडवायला पाऊण तास लागला. सुटल्यावर ५ चे ७ सेंटिमीटर झाले. डायनीमा, म्हणजे या दोऱ्यांचा मजबूत धागा, अशीच असते, भार सतत राहिला की हळूहळू लांबते आणि पुन्हा मागे येत नाही. पुढच्या दोऱ्यांवर बहुतेक सगळं वजन येतं, मागच्यांवर फारच कमी, म्हणून फरक पडत जातो. शिवाय गाठीतून गेलेल्या दोरीवर मी जीव टांगणार नाही. डायनीमा गुळगुळीत असते, गाठीत तिची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. ती जोडी बाद केली आणि जुन्या बारच्या पुढच्या दोऱ्या काढून लावल्या. त्या मोजल्या तर त्याही ६ सेंटिमीटरने लांबलेल्या.

बारवरच्या पिगटेलला (दोरी अडकवायच्या छोट्या तुकड्याला) तीन गाठी आहेत, पण एक गाठ बाहेर गेलं की जेमतेम अडीच सेंटिमीटर मिळतात. म्हणून मागच्या दोऱ्यांसाठी जाड दोरीचे दोन फासे केले. पहिली जोडी टेबलावर तंतोतंत सारखी होती, ताण दिल्यावर गाठी आवळल्या आणि दोघींत ८ मिलिमीटरचा फरक पडला. दुसऱ्या जोडीला आधी अंगाचं सगळं वजन देऊन गाठी आवळून घेतल्या, मग मोजलं. कुणी करणार असाल तर याच क्रमाने करा.

एक तक्रार नोंदवते. दोऱ्या मोजताना बार नेमका कुठे धरायचा हे सगळ्या उत्पादकांनी बारवरच छापायला हवं. पुस्तिका हरवते, बार हरवत नाही. आणि मागे एका विक्रेत्याकडून घेतलेल्या सुट्या दोऱ्यांच्या जोडीत नव्या कोऱ्या असतानाच दीड सेंटिमीटरचा फरक होता. तेव्हापासून पिशवीतून निघालेली कुठलीही दोरी मी मोजल्याशिवाय लावत नाही. याच दोऱ्यांच्या बाबतीत ती शिस्त पहिल्या दिवसानंतर पाळली नव्हती.

आज १३ नॉट. पहिल्या दहा मिनिटांत काइट सुस्त वाटला, वळायला वेळ लावत होता, मागच्या दोऱ्या जरा जास्तच सैल. परत आले, दोन्ही बाजूंना एक गाठ आत घेतली. त्यानंतर एक तास पन्नास मिनिटं मी पाण्यावर होते आणि काइट एकदाही पडला नाही. मध्ये एकदा बोर्ड काढून नुसती तरंगत राहिले, काइट डोक्यावर आणि दोन्ही हात पाण्यात. वारा पडला, मी श्वास रोखला, काइट किंचित मागे झुकला आणि आपणहून पुन्हा पुढे आला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्याकडे न घाबरता पाहिलं. परतताना टो-साइडवर (बोर्डाच्या पायाच्या बोटांकडच्या कडेवर) सलग सात लाटा मिळाल्या, अगदी मोजून.

पुढचं असं: नव्या पुढच्या दोऱ्या मागवायच्या. थांबा, हे लिहितानाच लक्षात येतंय की नव्या पुढच्या आणि जुन्या मागच्या असं केलं तर दोन्हींचं लांबणं पुन्हा जुळणार नाही. चारही एकदम घेते. फॉइलचा मास्ट (उभा दांडा) त्यामुळे महिनाभर लांबला तरी चालेल, जरी २०२४ मध्ये मार्सेच्या पाण्यावर फॉर्म्युला काइटच्या, म्हणजे फॉइलवरच्या काइटच्या, पहिल्या ऑलिंपिक शर्यती पाहिल्यापासून मला त्याचं वेड लागलेलं आहे. आणि दर दहा सत्रांनी मोजणी, तारीख आणि सेंटिमीटर बारच्या पिशवीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहायचं. आजची नोंद लिहून झाली: फरक शून्य.

ब्रायडलच्या (काइटला मुख्य दोऱ्यांशी जोडणाऱ्या छोट्या दोऱ्यांच्या) पुल्या अजून तपासायच्या राहिल्यात. डावीकडची फिरताना किंचित अडखळते असं आज काइट घडी करताना वाटलं.